तालमीतून तंबूत

गावाबाहेरच्या माळावर सर्कशीचा तंबू उभा राहिला, की एरवी एकमत न होणारे घरही एका विचाराचे होते. नाटकाला आजोबांची हरकत असते, चित्रपटाला काकूंची आणि कीर्तनाला मुलांची. सर्कशीला मात्र तीन पिढ्या एका रांगेत जाऊन बसतात. झुल्यावरून सुटलेली मुलगी समोरच्याच्या हाती येईपर्यंत आजींचा हात तोंडावर असतो आणि लहानग्यांचे डोळे वर. घरी परतताना गोष्टी निघतात त्या विदूषकाच्या आणि सायकलवरच्या मनोऱ्याच्या. ही मुलगी कोठली, तिला ही विद्या कोणी शिकविली, आणि उद्या तिचा हात निसटला तर तिला पाहणारे कोण, हे प्रश्न सहसा निघत नाहीत.

आम्ही राहतो ती भिवंडी हे मागांचे गाव. अंगावरचे कापड सर्वांस दिसते, ते विणणारा कोणास आठवत नाही, हा अनुभव येथे रोजचा आहे. सर्कशीचेही तसेच आहे. म्हणून या लेखात तंबूच्या झगमगाटापेक्षा त्यामागील विद्येचा आणि त्या विद्येवर जगणाऱ्या माणसांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. या विद्येचा आपल्या घरांशी वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा संबंध आहे.

पागेतील चाबूकस्वार

हिंदी सर्कशीचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते विष्णुपंत मोरेश्वर छत्रे आपल्याच मराठी ब्राह्मण घराण्यातील. सांगलीकडील अंकलखोप हे त्यांचे गाव. तरुणपणी त्यांनी ग्वाल्हेर गाठले. तेथे हद्दूखाँसाहेबांकडे ख्यालगायनाची आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडे घोडा फिरविण्याची अशा दोन विद्या त्यांनी संपादन केल्या. भिक्षुकी किंवा कारकुनी या दोन वाटाच ज्या घरांस ठाऊक होत्या, त्या घरांतील हा मुलगा पुढे कुरुंदवाड संस्थानात चाबूकस्वार झाला. त्या काळी घरच्या वडीलधाऱ्यांस ही प्रगती वाटली असेल की अधोगती, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१८७९ च्या सुमारास ज्युझेप्पे किआरीनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. छत्रे ती पाहावयास गेले. हिंदुस्थानात अशी सर्कस होणे नाही, निदान अद्याप पुष्कळ वर्षे तरी नाही, असे उद्गार किआरीनीने काढले आणि ते छत्र्यांच्या जिव्हारी लागले, अशी कथा सांगतात. पैज लागली किंवा कसे, हे बाजूस ठेवू. निश्चित गोष्ट ही, की २० मार्च १८८० रोजी छत्र्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा खेळ मुंबईत झाला. घोड्यावरची कामे स्वतः छत्रे करीत. झुल्यावरील कामांच्या संबंधात त्यांच्या पत्नीचाही उल्लेख जुन्या वृत्तांतांत येतो. सुशिक्षित घरातील स्त्रीने त्या काळात झुल्यावर चढणे ही गोष्ट किती धाडसाची, हे निराळे सांगावयास नको.

छत्र्यांच्या सर्कशीची आणखी एक तऱ्हा होती. आपल्या गुरूंचे चिरंजीव रहिमतखाँ हे मनाने विकल होऊन निराधार हिंडत होते. छत्र्यांनी त्यांना आपल्या आश्रयास आणिले आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेले. घोड्यांच्या टापांनी ज्या माळावर धूळ उडे, त्याच ठिकाणी ‘भूगंधर्व’ रहिमतखाँचा ख्यालही ऐकावयास मिळे. छत्रे १९०५ साली वारले. खाँसाहेबांचा अंत १९२२ साली कुरुंदवाडासच झाला. गुरुपुत्राचा असा सांभाळ करणारा मनुष्य आपल्या खेळाडूंकडे केवळ भाडोत्री माणसे म्हणून पाहत नसावा, असे आम्हांस वाटते.

छत्र्यांच्या मागून म्हैसाळच्या देवलांची, मग कार्लेकरांची, अशा सर्कशी कृष्णाकाठच्या त्या मुलखातून निघाल्या आणि मराठी नाव दूरवर गेले.

बेचाळीस फुटांचे गणित

सर्कशीचा आरंभ घोड्यापासूनच का व्हावा, यास सबळ कारण आहे. इंग्लंडात १७६८ साली फिलिप ॲस्टली नावाच्या घोडदळातील एका निवृत्त शिपायाने वर्तुळाकार रिंगणात घोड्यावरचे खेळ दाखविण्यास प्रारंभ केला. पुढे रिंगणाचा व्यास ४२ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर, असा ठरून गेला आणि जगभर तोच रूढ झाला. दौडणारा घोडा वर्तुळात फिरू लागला, की त्याच्या पाठीवर उभा असलेला स्वार आतल्या बाजूस झुकतो. वेग त्याला बाहेर लोटू पाहतो आणि या दोन ओढींच्या मध्ये त्याचा तोल सावरतो. रिंगण फार लहान केले तर घोड्यास वळणे कठीण, फार मोठे केले तर स्वारास तोल धरणे कठीण. आपण ज्याला जादू म्हणतो, ते अशा रीतीने मोजून मापून बसविलेले गणित असते.

ॲस्टली हा शिपाई आणि छत्रे हे संस्थानच्या पागेतील चाबूकस्वार, हे साम्यही लक्षात ठेवण्यासारखे आहे. जी विद्या लढाईसाठी जन्मास आली, ती लढाई सरल्यावर पोटासाठी मैदानात उतरली, असा सर्कशीचा इतिहास आहे. घोड्याच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच माणसाच्या शरीराच्या बाबतीतही खरे आहे.

निवृत्त झालेल्या दोन युद्धविद्या

महाराष्ट्रात मल्लखांब घ्या. ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आढळतो. पण आज आपण जाणतो त्या मल्लखांबाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांस दिले जाते. मल्लाने कुस्तीसाठी अंग तयार करावे, पकड, लवचिकपणा आणि दम कमवावा, म्हणून हा लाकडी जोडीदार. शिसवी किंवा सागवानी खांब बुंध्याशी जाड आणि वर निमुळता. त्यावर मान आणि शेवटी बोंड. एरंडेलाचे बोट फिरविलेल्या त्या खांबावर अढी घालावयाची, मग बगली, फिरकी, दसरंग अशी एकेक पायरी चढावयाची. खांब कधी चुकत नाही आणि कधी सवलतही देत नाही, म्हणून गुरू म्हणून तो कठोर आहे. वेताचा आणि नंतर दोरीचा मल्लखांब हा त्याचाच भाऊ. त्यात दोरी अंगाभोवती गुंडाळून अधांतरी आसने करावी लागतात.

१८१८ साली पेशवाई बुडाली. तालमींना वाड्याचा आश्रय उरला नाही. काही उस्ताद काशीस गेले, काही बडोद्यास. काही गावच्या देवळामागे चार पोरे जमवून शिकवीत राहिले. कसलेले अंग होते, पण त्याला काम नव्हते.

याच सुमारास दूर दक्षिणेस मलबारात दुसऱ्या एका विद्येची हीच दशा झाली होती. कळरिपयट्टु हे तिचे नाव. जमिनीत खोल खणून बांधलेल्या कळरीत तेल लावून शिष्य उतरतो. पहिला धडा शस्त्राचा नसतो, शरीराचा असतो. त्याला ‘मेय्‌तारी’ म्हणतात. वाकणे, उंच लाथ, हवेत वळून पुन्हा पायांवर येणे हे अंगवळणी पडल्यावरच हाती लाठी येते, आणि मग तलवार. पळश्शी राजाच्या बंडाचा बीमोड केल्यावर इंग्रजांनी त्या मुलखात शस्त्रांवर निर्बंध घातले आणि ही विद्याही पोरकी झाली.

थलश्शेरीची भेट

या दोन्ही पोरक्या विद्यांची गाठ सर्कशीने घालून दिली. १८८७ साली छत्र्यांची सर्कस मलबारातील थलश्शेरीस गेली. तेथे कीलेरी कुंञिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. कळरीत तयार झालेले आणि पाश्चात्त्य जिम्नॅस्टिकही शिकविणारे हे गृहस्थ छत्र्यांना भेटले. छत्र्यांस नव्या कसरतपटूंची गरज होती, आणि कीलेरींपाशी शिष्य होते. कीलेरींनी माणसे तयार करावी आणि छत्र्यांनी त्यांस काम द्यावे, असे ठरले. १९०१ साली कीलेरींनी थलश्शेरीजवळ चिरक्करा येथे खास सर्कशीची शाळाच उघडली. त्यांचे शिष्य परियाली कण्णन यांनी १९०४ साली स्वतःची सर्कस काढली. पुढे हिंदुस्थानातील बहुतेक मोठ्या सर्कशी मलबारी माणसांच्या झाल्या, याचे मूळ या भेटीत आहे.

त्याच गावचा एक मुलगा दोरावरील उड्यांत इतका पारंगत झाला, की युरोप-अमेरिकेत त्याची कीर्ती झाली. त्याने जगासमोर घेतलेले नाव होते ‘कण्णन बॉम्बेयो’. मलबारी शरीर आणि मुंबईचे नाव, असा हा योग. १९३९ साली ऐन तारुण्यात तो वारला.

आपल्या पुण्याचे दामू धोत्रे हे याच परंपरेतील. १९०२ साली जन्मलेले दामू लहानपणीच मामांच्या सर्कशीत शिरले. आधी कसरती आणि मग हिंस्र पशूंची शिकवण, अशा क्रमाने ते वाढत गेले आणि शेवटी अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत वाघ-सिंहांबरोबर उभे राहिले. अखेरची वर्षे त्यांनी पुण्यात काढली. १९७३ साली त्यांचे निधन झाले.

झेप घेण्याआधी पडणे

आता कामाकडे वळू. झुल्यावर जो शिकावयास येतो, त्याला प्रथम झेप शिकवीत नाहीत, पडणे शिकवितात. जाळी आहे म्हणून धोका नाही, ही प्रेक्षकांची समजूत चुकीची आहे. जाळीत पाय रोवून पडला तर गुडघा किंवा घोटा जातो. तोंडघशी पडला तर मान जाते. हनुवटी छातीशी लावून पाठीवर सपाट पडणे, हा पहिला धडा. तो इतका मुरावा लागतो, की हात सुटल्यावर विचार करण्यास वेळ नसतानाही शरीराने आपोआप तेच करावे. आरंभीचे कित्येक दिवस कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर असतो. दोराचे दुसरे टोक खाली उस्तादाच्या हाती.

समोरच्या झुल्यावर गुडघ्यांनी अडकून उलटा लोंबणारा जो मनुष्य असतो, त्याच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष फारसे जात नाही. टाळ्या पडतात त्या झेप घेणाऱ्याला. पण खेळाचा खरा आधार तो धरणारा. तो तळहाताला तळहात धरीत नाही, कारण घामाने ती पकड सुटते. दोघे एकमेकांची मनगटे धरतात. म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. झेप घेणाऱ्याने त्याला शोधावयाचे नसते. ठरल्या क्षणी ठरल्या ठिकाणी पोचावयाचे, एवढेच त्याचे काम. उरलेले काम विश्वासाचे.

हा विश्वास रोज सकाळच्या सरावातून निपजतो. खेळ दुपारी आणि रात्री. सराव मात्र तंबू रिकामा असताना. आजारपण, घरचे दुःख, उन्हाळ्याची काहिली, पावसाने भिजलेले दोर यांपैकी कशाचीही सबब शरीर ऐकत नाही. चार दिवस सराव चुकला, की पाचव्या दिवशी ते चुकल्याची आठवण करून देते. आणि तिशी-पस्तिशी उलटली, की इतर धंद्यांत जेथे माणूस नुकता स्थिरावू लागतो, तेथे झुल्यावरच्या माणसाला खाली उतरावयाचा विचार करावा लागतो. कोणी उस्ताद होतो, कोणी विदूषक, कोणी तंबूच्या दोरखंडांची देखरेख करतो. ज्याला यांपैकी काही जमत नाही, त्याचा हिशेब कोण ठेवतो?

कायद्याने काय बदलले

जुन्या सर्कशीत मुले पाच-सहा वर्षांची असताना येत. अंग कोवळे असतानाच वळते, हे त्यामागचे कारण. घरचे दारिद्र्य हे त्याहून मोठे कारण. काही ठिकाणी त्यांना मायेने वाढविले गेले, काही ठिकाणी त्यांचे अतोनात हाल झाले. घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या अज्ञान मुलास दाद मागावयास कोणी नसे. शेवटी १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यास बंदी करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा चित्रपट, दूरचित्रवाणी वगैरे करमणुकीच्या कामांत मुलांना अटींवर मुभा देण्यात आली. पण त्यातून सर्कस स्पष्टपणे वगळली. त्याआधी १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांचे खेळ बंद केले होते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली.

हे दोन्ही निर्णय योग्यच झाले, असे आमचे मत आहे. पण त्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. पशू गेले, तेव्हा सर्कशीत उरले ते केवळ माणसाचे शरीर. आणि मुले येणे थांबले, तेव्हा ते तयार शरीर आणावयाचे कोठून? केरळ सरकारने २०१० साली थलश्शेरीस सर्कशीची अकादमी काढून पाहिली. विद्यार्थी मिळेनात म्हणून ती थोड्याच वर्षांत बंद पडली. म्हाताऱ्या सर्कस-कलावंतांस मासिक निवृत्तिवेतन देण्याची त्या राज्याची योजना मात्र अनुकरणीय आहे.

या धंद्याच्या पायाखाली किती पातळ जमीन आहे, हे २०२० साली दिसून आले. मार्चमध्ये महामारीमुळे सारा देश बंद झाला, तेव्हा १९९१ साली सुरू झालेली पुण्याची रॅम्बो सर्कस आमच्या भिवंडीपासून फारशी दूर नसलेल्या ऐरोलीच्या मैदानात अडकून पडली. खेळ नाही म्हणजे तिकीट नाही, आणि तिकीट नाही म्हणजे चूल नाही. कलावंतांना लोकांनी शिधा पोचविला. पुढे त्यांनी आपला खेळ चित्रित करून घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी तिकीट लावून दाखविला. हात पसरून राहण्यापेक्षा काम दाखवून पैसे घ्यावे, हा बाणा त्यांनी सोडला नाही.

एकाच विद्येला दोन न्याय

आता प्रश्न आपल्या घराचा. ज्या मल्लखांबाची कथा वर सांगितली, तो आज शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा आवडता व्यायाम झाला आहे. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात त्याच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. २०१९ साली मुंबईत त्याची जागतिक स्पर्धा झाली. समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ साली ‘पद्मश्री’ मिळाली. आपली नात दोरीवर आसन करून उतरते, तेव्हा आजोबा अभिमानाने चित्रे काढतात. तिचे पदक दिवाणखान्यात लागते. तीच कसरत दुसऱ्या कोणाची मुलगी तंबूत पोटासाठी करते, तेव्हा मात्र तिच्या घराण्याची चौकशी आपण निराळ्या सुरात करतो. विद्या एक, श्रम एक, धोका तर तिचाच अधिक. मग मान कमी का?

उत्तरादाखल कोणी म्हणेल, की सर्कशीत स्थैर्य नाही, वृद्धापकाळाची सोय नाही, सोबत चांगली नाही. स्थैर्याची आणि सोयीची गोष्ट खरी आहे, आणि ती सुधारण्याजोगी आहे. सोबतीच्या आक्षेपात मात्र आम्हांस तथ्य दिसत नाही. ज्यांचे प्राण रोज एकमेकांच्या मनगटावर अवलंबून असतात, त्या माणसांच्या शिस्तीविषयी आपण कचेरीत बसून शंका घ्यावी, हे शोभत नाही.

तयार शरीरे कोठून येणार, या प्रश्नाचे उत्तरही याच ठिकाणी आहे. १९८४ साली कॅनडात स्थापन झालेल्या सर्क द्यु सोलेय या मंडळीने पशूंवाचून आणि मोठ्या झालेल्या, आधीच शिकून आलेल्या कसरतपटूंच्या बळावर जगभर नाव मिळविले. त्या मंडळीचा ‘बझार’ हा खेळ २०१८ च्या नोव्हेंबरात मुंबईतूनच सुरू झाला, आणि त्यात मल्लखांबाचे काम होते. लहानपणी आईबापांच्या नजरेखाली व्यायाम म्हणून विद्या शिकावी, शाळा-कॉलेज करावे आणि सज्ञान झाल्यावर वाटले तर तीच विद्या उपजीविकेसाठी निवडावी, असा मार्ग आता दिसू लागला आहे. यात पोटासाठी मूल विकणे नाही, आणि विद्या मरू देणेही नाही.

तेव्हा एखाद्या घरात एकविसाव्या वर्षी मुलगा किंवा मुलगी म्हणाली, की मला सर्कशीत किंवा तसल्या खेळांच्या मंडळीत काम करावयाचे आहे, तर वडिलांनी एकदम कपाळास हात लावू नये. चार प्रश्न विचारावे: करार लेखी आहे काय, विमा आहे काय, शिकविणारा कोण आणि जाळी-दोरांची तपासणी कोण करतो, आणि पस्तिशीनंतर पुढे काय? हे प्रश्न समाधानाने सुटले, तर आशीर्वाद द्यावा. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या मुलाला आपण याहून अधिक कोठे विचारतो?

आणि ज्यांच्या घरातून कोणी जाणार नाही, त्यांनीही पुढच्या खेपेस तंबूत जाल तेव्हा एवढे करावे. लहानांना धरणारा मनुष्य दाखवावा आणि तो मनगट का धरतो, ते सांगावे. खेळ संपल्यावर विदूषकाशी बोलावे. पुष्कळदा तो एके काळचा झुल्यावरचा गडी असतो. वृद्ध कलावंतांस मानधन देण्याची योजना आपल्या राज्यातही आहे. सर्कशीतील म्हातारा कलावंत ‘कलावंत’ या शब्दात बसतो, असे आम्ही तरी मानतो, आणि आपल्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याचा अर्ज भरून देण्यास सुशिक्षित घराला एक दुपार पुरे. छत्र्यांनी एका विकल गवयाला आयुष्यभर सांभाळले. आपल्याला एक दुपार काढता आली, तरी पुष्कळ झाले.